मिठाने खाल्लेला हंडा

कल्याणला आमचं भांड्यांचं दुकान होतं. नवरा गेल्यावर मी ते एकटीने चालवलं. शाळा चौथीपर्यंत, पण भांडं वाजवलं की धातू कुठला आणि किती जुना, ते मी सांगते. यात मोठेपणा नाही. रोज हाताळलं की कोणालाही येतं.

दुकान बंद करून मी डोंबिवलीला लेकाकडे आले, त्यानंतरची ही गोष्ट. शीळफाट्याजवळच्या गावातल्या एका जुन्या गिऱ्हाइणीचा फोन आला. "मावशी, आमचं जुनं घर सोमवारी पाडतायत. आठ वर्षं बंदच आहे. भांडी बघून किंमत सांगा. आणि सासूबाईंचा हंडा ओळखून द्या."

हंड्याचं असं होतं. सासू नव्वदीची, आता नव्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर. चार दिवस तिने पाणी जवळजवळ सोडलं होतं. "माजे आयचे हंड्यातला पानी दे," एवढंच म्हणायची. डॉक्टर दवाखान्यात आणा म्हणत होते. सुनेने जुन्या घरातले दोन हंडे नेऊन दाखवले, म्हातारीने दोन्ही ढकलले.

कुलूप उघडलं. आत हिरवा उजेड होता. घोसाळ्याचा वेल खिडकीतून आत शिरला होता, पिवळी फुलं पलंगावर लोंबत होती. फुटक्या कौलातून उन्हाची काठी उतरलेली, तिच्यात धूळ पोहत होती. मी एकेक भांडं घेऊन नखाने टिचकी मारत बसले. काशाची थाळी वाजली की आवाज आतल्या खोलीत जायचा आणि कोणी ओ दिल्यासारखा परत यायचा. भूतबीत मी मानत नाही. पण तो आवाज विरेपर्यंत दुसरं भांडं उचलवेना. किती वेळ गेला, कळलं नाही.

भांडी मात्र चकचकीत!

"तुम्ही येणार म्हणून तीन दिवस चिंचेने घासली," सून म्हणाली.

"माती केलीस. जुन्या रंगालाच तर किंमत. आता हे सगळं वजनावर जाणार."

"काळी भांडी पाहुण्यांना कशी दाखवायची हो?"

"मी पाहुणी कधीपासून झाले?"

ती हसली, पण चेहरा पडला होता. कोरीव काम होतं म्हणून समई आणि पानाचा डबा तेवढा वाचला. बाकी मोड.

उरलेल्या पाच हंड्यांपैकी एकावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, म्हातारीच्या बापाचं. मी ऐटीत वाचलं. "हाच." रिक्षाने घेऊन गेलो.

म्हातारीने काठावर बोट फिरवलं. "यो नाय. यो माजे लग्नातला."

"अहो, नाव आहे त्याच्यावर."

"आय मिठागरावर जायाची. तिथं हंड्यावर नाव कोन घालतं गो?" एवढी वाळलेली बाई, पण मला हसली.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही तशाच परत गेलो. उन्हाची काठी आता भिंतीवर चढली होती. मी हंडे पालथे घातले. पोचे पडलेला एक हंडा मी सकाळी मोडीत टाकला होता, शेवटी तोही पालथा केला. बुडाला देवीच्या व्रणांसारखे खड्डेच खड्डे. वर्षानुवर्षं मिठागराच्या खाऱ्या बांधावर पाणी भरून ठेवलेला, मिठाने बूड खाल्लेलं. वरचा रंग चिंचेने गेला होता, पण हे खड्डे कसे जाणार? टिचकी मारताना आणि नाव शोधताना, दोन्ही वेळा हंडा माझ्या हातून गेला होता, आणि मी बूड पाहिलं नव्हतं. अक्षरं दिसली की आम्हा चौथी पास लोकांना दुसरं काही दिसत नाही.

हंडा नेऊन तिच्यापुढे ठेवला. म्हातारीने बुडाखाली तळवा घातला आणि डोळे मिटले. पंखा फिरत होता, पडदा आत येत होता, बाहेर जात होता. मग म्हणाली, "भर."

सुनेने भरला. म्हातारी दोन पेले प्यायली. तोवर फरशीवर पाण्याची रेघ आली. एक खड्डा आरपार गेला होता.

"द्या, डाक लावून भोक बुजवून आणते," मी म्हणाले.

"हात नको लावू," म्हातारी म्हणाली.

सुनेने खाली परात ठेवली. जिन्यात तिने हळूच विचारलं, "मावशी, याची किंमत किती?"

"मोडीचा भाव," मी म्हणाले. खोटं कशाला सांगू?