भोपळा नक्की कुणासाठी

अंजूर गावात माझ्या नाकाची ख्याती होती. ती मीच पसरवली होती, हे आधी सांगून टाकतो. टोपलीवरचं फडकं उचलायच्या आत जिताडा मासा खाडीतला की बर्फातला, हे मी वासावरून सांगायचो. भिवंडीच्या बाजारात मला येताना पाहून कोळणी टोपल्या पलीकडे वळवायच्या. मला वाटायचं, घाबरतात. बायको म्हणायची, कंटाळतात.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमच्या भाताच्या खाचरांवर भराव पडत होता आणि त्यावर गोडाऊन उभी राहत होती. आमचीही जमीन भाड्याने गेली, त्यातून बंगला झाला, हॉलमध्ये संगमरवरी लादी आली, काचेचं डायनिंग टेबल आलं. बाबा मात्र त्या टेबलावर एकदाही जेवले नाहीत. स्वयंपाकघरात मागच्या दाराशी पाट टाकून बसायचे आणि शेवटचा घास स्वतःच्या ताटातून कुत्र्याला द्यायचे. कुत्रा म्हणजे गावठी आणि अल्सेशियन यांच्या मधलं काहीतरी. कान एकाचे, शेपूट दुसऱ्याची.

बाबा गेले आणि पाट भिंतीला उभा राहिला. त्या जागी कुणी बसेना. कुत्रा तेवढा जेवणाच्या वेळेला तिथे जाऊन बसायचा. आईने आमच्याशी बोलणं जवळजवळ सोडलंच. मी काही विचारलं की हूं किंवा उंहूं. जे काही बोलायची ते कुत्र्याशी. सकाळी दात घासताना, भाजी निवडताना, देवाला फुलं घालताना तिचं त्याच्याशी हळू आवाजात काही ना काही चाललेलं असायचं. मी जवळ गेलो की दोघंही गप्प व्हायची. एकदा मला कुत्र्याचा हेवा वाटला, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात घरात वास सुटला. नासलेल्या मासळीचा, भपकन येणारा आणि भपकन जाणारा. दुसऱ्या कुणाच्या घरात असा वास आला असता तर माणसं दचकली असती. आमच्यासारख्या खाडीकाठच्या घरात मासळीचा वास म्हणजे घरात माणसं जिवंत असल्याची खूण! त्यामुळे वास कसला, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. कुठल्या डब्यातून, एवढाच पडला. आणि त्यासाठी घरात तज्ज्ञ हजर होता.

मी आगोटीचे डबे काढले. पावसाळ्याचे चार महिने खाडीत होडी जात नाही, म्हणून आधीच भरून ठेवलेले बोंबील, सुकट, बांगडे. एकेका डब्यात नाक घालून मी निकाल दिला: सुकटीला ओल लागलीय, बोंबीलही गेलेत. बायको म्हणाली, "अहो, भरायच्या आधी चांगलं कडक ऊन दाखवलंय." मी तिच्याकडे, अडाणी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि सगळं भरावावर नेऊन ओतलं. गावातल्या मांजरांनी त्या आठवड्यात दिवाळी केली. आम्ही उरलेला पावसाळा मुगाच्या आमटीवर काढला आणि वास होता तिथेच राहिला.

मग मी ज्या कोळणीकडून मासळी घेतली होती तिच्याशी भांडायला गेलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "दादा, मासली माजी चांगली हाय," ती म्हणाली, "तू नाक दाखव कुनाला तरी." आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, की बाई वरमली.

त्याच सुमाराला कुत्रा हॉलच्या लादीवर बसून, पुढचे पाय टाकत, बूड घासत सरकायला लागला. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. मला मोठी गंमत वाटायची. पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचो, "बघा, लादी पुसायला बाई ठेवलेली नाही." तो सरकून गेला की मागे वास यायचा. तेव्हाही हे जगप्रसिद्ध नाक खिडकीकडे वळायचं आणि म्हणायचं, शेजाऱ्यांनी काहीतरी सडवलंय.

धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं. तुळशीचं लग्न झालं की हळद. आमच्याकडे हळदीला अख्खा गाव जेवतो, आणि लग्नापेक्षा हळदच मोठी. भावाने एक दिवस कुत्र्याच्या शेपटीखाली वाकून वास घेतला, जे मी इतके महिने केलं नव्हतं, आणि सरळ सांगितलं, "वास ह्याचाच आहे. हळदीच्या आत गेला नाही तर ह्याला दापोड्याच्या गोडाऊनवर नेऊन बांधायचं. वॉचमनला सोबत होईल."

आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली. "यो दापोड्याला गेला त मना पन थयंच नेऊन बांधा."

बाबांनंतर ती आमच्याशी एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलली होती. त्या दिवशी तिचं ताट जसंच्या तसं परत आलं. मला भीती वाटली. कुत्र्याची नाही, तिची. कुत्रा गेला असता तर तिचं उरलंसुरलं बोलणंही गेलं असतं, आणि ते परत कुठून आणायचं हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी त्याला जीपमध्ये घालून धामणकर नाक्याजवळच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हातमोजा चढवला आणि मला बाहेर उभं राहायला सांगितलं. मी म्हटलं, "डॉक्टर, वासाचं मला काही नाही. आमचं आयुष्य मासळीत गेलंय." त्यांनी शेपूट उचलून काहीतरी दाबलं. पुढचं मला एवढंच आठवतं, की मी रिक्षा स्टँडवर लोखंडी खांबाला धरून उभा होतो आणि एक रिक्षावाला विचारत होता, "क्या हुआ सेठ, चक्कर आया क्या?"

परत आत गेल्यावर डॉक्टरांनी समजावलं. कुत्र्याच्या शेपटीखाली दोन बाजूंना दोन छोट्या पिशव्या असतात. शी चांगली घट्ट झाली की जाता जाता त्या दाबल्या जातात आणि आपोआप रिकाम्या होतात. ह्याला आम्ही काय घालतो? मऊ भात आणि माशाचं कालवण. त्यामुळे शी पातळ, पिशव्या तुंबलेल्या, आणि तिथून तो वास. "उकडलेला लाल भोपळा द्या, थोडा गव्हाचा कोंडा, पाणी भरपूर. तिखट-तेलकट बंद. थोडं थोडं वाढवत न्या. पुन्हा तुंबल्या तर गळू होईल, मग कापावं लागेल."

थोडं थोडं, हे शब्द आमच्या घराण्यात कुणाला कळत नाहीत. मी येतायेताच बैलाच्या डोक्याएवढा भोपळा आणि चक्कीवरून पिशवीभर कोंडा आणला. पहिल्याच दिवशी घमेलंभर कालवून पुढे ठेवलं. कुत्र्याने हुंगलं, माझ्याकडे बघितलं आणि घमेल्याकडे पाठ करून बसला. मी भोपळ्याच्या फोडी माशाच्या रश्श्यात लपवल्या. त्याने रस्सा चाटून घेतला आणि फोडी धुवून ठेवल्यासारख्या स्वच्छ तळाला सोडल्या. मी हाताने भरवलं. त्याने तोंडात धरून, मला वाईट वाटू नये म्हणून बहुधा, मागच्या दाराबाहेर नेऊन ठेवलं.

"तुमच्यासारखाच आहे," बायको म्हणाली. इथे एक खाजगी गोष्ट सांगावी लागते. माझं स्वतःचं पोट वर्षानुवर्षं साफ होत नसे. ती भोपळा कर, कोंड्यासकट भाकरी कर, असं करून थकली होती. भोपळा हे गुरांचं खाणं, असं मी पंगतीत सांगायचो आणि सकाळी संडासात पेपर वाचून संपवायचो, जाहिरातींसकट.

आई हे सगळं बघत होती. एका दुपारी ती उठली, भिंतीचा पाट आडवा केला, मागच्या दाराशी मांडला आणि मला म्हणाली, "बस."

मी बसलो. बाबांच्या जागी बसण्याआधी मी पाटावरून दोनदा हात फिरवला. धूळ बसली असेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तिने माझ्या ताटात भोपळा वाढला, कोंड्याची भाकरी वाढली. कुत्रा येऊन शेजारी बसला. मी एक घास खाल्ला, तोंड वाकडं केलं, दुसरा खाल्ला. शेवटचा घास आईने डोळ्याने खुणावलं तसा त्याच्यापुढे धरला. त्याने तो मटकन गिळला आणि आणखी मागितला. माणसाने आधी खाऊन दाखवलेलं, ताटातलं उष्टं, तेच त्याला चालत होतं. बाबांनी लावलेली सवय. एवढी साधी गोष्ट आईला माहीत होती, आणि मी तिला विचारलीच नव्हती.

तिथून रोज तसंच. आधी दोन घास, मग चार, मग वाटीभर. आता आईच्या देखरेखीखाली खरोखरच थोडं थोडं. रोज सकाळी मी त्याच्यामागे भरावावर जायचो आणि वाकून निरीक्षण करायचो. एकदा समोरून भावाचे होणारे सासरे येत होते. नेमकं त्याच दिवशी काम मनासारखं झालं होतं. आनंदाच्या भरात मी त्यांना हात धरून दाखवायला नेलं. त्यांनी लग्न मोडलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. कुत्र्याचं सरकणं थांबलं, वास गेला. माझाही पेपर पहिल्या पानावरच राहायला लागला.

हळदीच्या दिवशी मांडव भरला होता. ढोल वाजत होते, मटणाची पातेली उतरत होती. मी मागच्या दाराशी पाटावर बसून भोपळा खात होतो, कारण मी बसल्याशिवाय कुत्रा जेवणार नव्हता. तेवढ्यात थोरले मामा आत आले, मागे आणखी दहा-बारा माणसं. मामांनी माझं ताट बघितलं. "हलदीच्या दिवशी भोपला? कोन आजारी हाय?"

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी आई बोलली. चांगली मोठ्याने, मांडवातल्या बायकांना ऐकू जाईल अशी. "माज्या मोठ्या पोराला साफ व्हत न्हाय. डाक्तरनी भोपला सांगलाय."

अख्खं स्वयंपाकघर हसलं. मांडवात बातमी गेली आणि तिथेही हशा पिकला. माझ्या अब्रूचं खोबरं झालं होतं. मी आईकडे बघितलं. तिने पदर तोंडात धरला होता, खांदे हलत होते, आणि शेवटी पदर सुटून ती सगळ्यांदेखत खो खो हसली. बाबा गेल्यापासून तो आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. भाऊ हळदीच्या अंगाने दारात येऊन उभा राहिला.

"हो मामा," मी म्हटलं, "फार त्रास आहे मला." आणि आणखी भोपळा वाढून घेतला.