दुभाष्या थांबला तेव्हा

बाहेरगावचा उपदेशक आला की आमच्या ख्रिस्ती देवळापुढच्या मांडवात दोन माईक लागतात, एक त्याच्यासाठी आणि एक दुभाष्यासाठी. उपदेशक धारवाडकडचा, बोलणार कन्नडमध्ये. ऐकणारे निम्मे लोक निपाणी भागातले, बाजारापुरतं कन्नड जाणणारे. मग त्याचं एक वाक्य, माझं एक वाक्य. मी निवृत्त होईपर्यंत मराठी शाळेत कन्नड शिकवत होतो, त्यामुळे हे काम कैक वर्षं माझ्याकडेच होतं. दुभाष्यानं आपलं डोकं घरी ठेवून यायचं असतं. उपदेशक रडला की आपण आवाज ओला करायचा, तो ओरडला की ओरडायचं. मला ते झकास जमायचं. बायाबापड्या नंतर मलाच येऊन म्हणायच्या, आज उपदेश लई चांगला केलासा.

त्यांच्यातच माझी थोरली बहीण. आक्का निपाणीला एकटी राहते. तिला मूलबाळ नाही, नवरा गेला. माझीही बायको गेली. आम्ही दोघंच एकमेकांना उरलो होतो. तिला साखर आहे, सकाळ-संध्याकाळ पोटात सुई टोचून घ्यावी लागते. विश्वास जागवणाऱ्या उज्जीवन सभा असल्या की ती माझ्याकडे शहापुरात मुक्कामाला यायची आणि पहिल्या बाकावर बसायची. कन्नड तिला फारसं कळत नाही. तिच्यापुरता देव माझ्याच आवाजात बोलायचा.

गेल्या वर्षी आलेला उपदेशक म्हणाला, ज्याच्या घरात औषध आहे त्याच्या घरात विश्वास नाही. उद्या तुमच्या गोळ्या घेऊन या आणि प्रभूच्या पायाशी टाका. मी सवयीनं ते मराठीत बोलून गेलो आणि माझीच जीभ मला कडू लागली. घरी येऊन शास्त्र उघडलं. त्यानं अर्धं वचन वाचलं होतं. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करा एवढं तिथे आहे, औषध फेका असं कुठेही नाही. उलट आजारी राजाच्या गळवावर खुद्द संदेष्ट्यानं अंजिराचा लेप लावायला सांगितलेला. तेवढ्यात आक्का आतून म्हणाली, आजपासून सुई बंद. मी वचनं वाचून दाखवली. ती हसली आणि म्हणाली, दुपारी तूच तर सांगितलंस की.

सकाळी आमच्या देवळाच्या पाळकांकडे गेलो. प्रेषिताचं बोलणंसुद्धा शास्त्राशी ताडून बघणारे लोक होऊन गेले आणि शास्त्रात त्यांचं कौतुकच आहे, असं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या सभेला भाड्याचा मांडव नव्हता, इथे सगळा खर्च होऊन बसलाय. पाहुणा आहे, आज जाईल, तुम्ही फक्त सांभाळून घ्या.

शेवटच्या सभेत व्यासपीठापुढे औषधं टाकायला टेबल मांडलं होतं. उपदेशकानं हाक दिली. कन्नड कळणारे उठू लागले. आक्का मांडीवर औषधांची पिशवी धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. मला दुसरं कुणीच दिसेना. मी माईकमध्ये म्हणालो, "हे त्यांचं बोलणं आहे, शास्त्राचं नाही. प्रार्थना करा आणि औषधही घ्या." उपदेशकाला मराठी येत नव्हती; त्याला वाटलं मी त्याचंच बोललो, त्यानं जोरात हालेलूया म्हटलं. मांडवात मात्र कुणीच म्हटलं नाही. आक्का पिशवी घेऊन अर्धवट उठली होती, ती खाली बसली.

मला कुणी काढलं नाही, कुणी भांडलंही नाही. दुसरा माईक आता एका तरुण मुलीकडे गेला आहे आणि ती छान बोलते. उपासनेनंतर चहाला माझ्याभोवती बरीच मोकळी जागा असते. मी चुकलो असं मला वाटत नाही, आणि पंचाईत तीच आहे. चुकलो असतो तर माफी मागून त्यांच्यात जाऊन उभा राहिलो असतो. एकटं राहायची मला सवय होती. माणसांत एकटं असणं मात्र जड जातं.

आक्का यंदा सभांना आली नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. मी दर रविवारी फोन करतो, ती पाऊसपाण्याचं बोलते आणि ठेवते. मागच्या रविवारी मी न राहवून विचारलं, सुई घेतेस ना.

"घेते की. दोन्ही वक्ताला घेते," ती म्हणाली. "तू सांगितलंस ते खरंच असंल रं. पर त्या दिवशी, आयुष्यात पयल्यांदा, मला वाटलं व्हतं की देव मला बरं करणार हाय. आता देवाकडं मागाया बसलं की तुझाच आवाज येतोय, औषध बी घे म्हणून."