वर्षभराचं कडू येसर

रेणापुरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत चक्की आणि मागच्या खोलीत माझी चूल. चक्की मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. मी येसर करून विकायची. मराठवाड्याबाहेरच्या बायकांना येसर म्हणजे काय ते सांगावं लागतं. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, सुंठ, लवंग, एकेक जिन्नस कोरडा भाजायचा आणि सगळं एकत्र दळायचं. त्या पिठाची आमटी करायची. आमच्याकडं लग्नघरात आधी येसर होतं, मग बाकीची धावपळ.

यात सगळा जीव धन्यात असतो बघा. धने कच्चे राहिले तर आमटी गवतासारखी लागते, जास्त झाले तर कडू. मधली वेळ चार श्वासांची. ती मला नाकानं कळायची, पण माझ्या आधी मालकांना कळायची. ते पुढं चक्कीवर, पट्टा फडफडतोय, बायका डबे घेऊन उभ्या, आणि तिथनं आवाज यायचा, "धने उतरव." एकदा मी चिडून म्हणलं, "इतकं कळतंय तर इथं येऊन भाजा की." तर म्हणाले, "मी भाजलं तर इथनं तुला वरडावं लागंल. पट्ट्याच्या वर जाईल का तुझा आवाज?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, पण कढई उतरवूनच.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही दोघंही लातूरला दवाखान्यात पडलो. मी घरी आले. ते आले नाहीत.

वास गेलाय हे मला लवकर कळलंच नाही. दुःखात माणूस काय वास घेत बसतो? तेराव्यानंतर त्यांची पेटी उघडली, चक्कीवरचा सदरा काढला, तोंडाला लावला. त्या सदऱ्याला पिठाचा, मिरचीचा, माझ्या येसराचा असा सगळा मिळून एक वास असायचा, धुतला तरी जायचा नाही. मला काहीच आलं नाही. नुसतं कापड. त्या दिवशी मी जेवढी रडले तेवढी दवाखान्याच्या दारातसुद्धा रडले नव्हते.

कुणाला बोलले नाही. जिभेला खारट आणि तिखट तेवढं कळायचं, बाकी सगळं चोथा. पण येसर करणाऱ्या बाईला नाक नाही हे गावात कळलं तर कोण घेईल? आणि येसर नाही केलं तर दिवसभर मी करू काय? मुलगा लातूरला नोकरीला. चक्की सूनबाईनं हातात घेतली होती. जळकोटची पोर, बोलायला कंजूस, कामाला वाघ. एक दिवस दारात उभी राहून म्हणाली, "आत्या, मामांचा सदरा घालू का साडीवरून? पीठ लई उडतंय." मी देऊन टाकला. मला तरी त्याचा काय उपयोग होता?

मी अंदाजानं भाजायला लागले. आणि नवल म्हणजे येसर पहिल्यापेक्षा जास्त खपायला लागलं. गल्लीतल्या बायका घेऊन जायच्या, समोरची भाभी तर "अजून पावशेर द्या" म्हणायची. मला वाटलं, हाताला आठवण असते, नाकाचं काही अडलेलं नाही. छाती थोडी पुढं काढूनच चालत होते मी.

लातूरला एक अक्का आहेत, मूळच्या बिलोलीकडच्या. शिकवणीला आलेल्या पोरापोरींची खानावळ चालवतात. नवरा गेल्यावर एका चुलीवर सुरू केलेली. त्यांना मी कायम येसर द्यायची. वर्ष भरायला आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी एसटीनं पिशवी घेऊन गेले, तर त्यांनी पिशवी आत नेलीच नाही. मला पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बाई, तुझं येसर कडू हाय."

"यावेळचं तर अजून उघडलंबी न्हाई तुम्ही."

"मागचं कडू होतं. त्याच्या मागचंबी. पोरी ताटात आमटी ठिवून उठून राहिल्यात."

"अक्का, आमच्या गल्लीत सगळ्या नेऊन राहिल्यात. एकीनं तरी सांगितलं असतं."

"दुःखाच्या घरची वस्तू माघारी कशी करतील? वर्ष होऊ दे म्हणत आसतील. मीबी तसंच म्हणलं, दोनदा. पर मला रोज चाळीस ताटं वाढायची हायेत."

गल्लीतलं एकेक घर डोळ्यापुढं आलं. पावशेर अजून द्या म्हणणारी भाभी आली. कुणी गाईपुढं टाकलं असेल, कुणी गपचूप खाल्लं असेल. मी त्यांच्यापासून नाक लपवत होते आणि त्या माझ्यापासून तोंड.

मग मी पहिल्यांदा बोलले. "अक्का, मला वासच येत न्हाई. आजारापासनं."

अक्कांनी पाण्याचा तांब्या पुन्हा माझ्याकडं सरकवला. मग म्हणाल्या, "आगं मग तसं सांगायचं. मला वाटलं, नवऱ्यावरचा राग धन्यावर काढून राहिलीस." मला हसू आलं आणि रडूही आलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "माझ्या भाकरी पैल्यांदा सहा म्हैने कच्च्या होत्या. शेजारपाजारचे गप खात होते. एका मास्तरनं डबा बंद केला तवा मला भाकर आली. सोमवारी परत आण. चांगलं आसलं तर घेईन, न्हाईतर मी दुसरी बाई बघते."

घरी आले. सुनेला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

ती सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसत होती. "हाव."

"मग सांगायचं न्हाईस?"

"तुम्ही भाजायला बसल्या की त्या दिवशी जेवत होत्या, आत्या."

मी कढई घासायला घेतली.

सोमवारपर्यंत चार दिवस होते. मी तिला चुलीपाशी बसवलं. म्हणलं, तुझं नाक, माझा हात. पण ही पोर बोलेल तर ना. "कसा येतोय?" तर "येतोय." "आता?" तर "चांगला येतोय." तोवर धने काळे. दोन घाणे वाया गेले. तिसऱ्याला मी डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं. कच्चे धने कढईत वाळूसारखे वाजतात. मग आवाज हलका होतो, वाळल्या पानांसारखा. चिमटीत घेतले तर आधी दबतात, मग कुरकुरीत तुटतात. इतकी वर्षं हे सगळं कढईत होतंच, नाकाच्या जोरावर मी कधी ऐकलंच नव्हतं. पण भरवसा वाटेना.

रविवारी दुपारी सून चक्कीवर होती, दळण लागलेलं. मी मागं एकटीच धने हलवत होते. आवाज हलका झाला, चिमटीत घेऊ का नको असं करत होते, आणि पुढच्या खोलीतनं, पट्ट्याच्या वरून आवाज आला, "आत्या, धने उतरवा."

कढई उतरवली. पदरानं धरलेले कढईचे कान तसेच राहिले हातात. थोड्या वेळानं ती दारात आली, भुवयांवर पीठ. म्हणाली, "आता बरोबर आला. ह्या सदऱ्यासारखा."

सोमवारी अक्कांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं. आत जाऊन रिकामा डबा आणला, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "भर."

गल्लीतल्या त्या भाभीनं पुढच्या खेपेला नेहमीचं अर्धा किलोच नेलं, वरचा पावशेर नाही, आणि जाताना सहज म्हणाली, "आता पैल्यासारखं झालं बघा."

याला आता दोन वर्षं झाली. वास काही परत आला नाही, येईल असं मी धरूनही बसत नाही. धने मला कानानं कळतात, सुनेनं सांगायची गरज उरलेली नाही. तरी आवाज हलका झाला की माझा हात थांबतो, आणि पुढनं हाक आल्यावरच मी कढई उचलते.

गेल्या महिन्यात सून भावाच्या लग्नाला जळकोटला गेली होती. चक्की बंद. मी धने भाजायला घेतले. आवाज हलका झाला. मला कळलं होतं. तरी हात उठेना, मी पुढच्या खोलीकडं बघत राहिले. पट्टा गप्प, खुंटीला सदरा.

तो कडू घाणा मी विकला नाही. सून आल्यावर दळला, घरातच ठेवला आणि आठवडाभर त्याचीच आमटी खाल्ली.