जुन्या बैलासंगे

विमानाच्या पेट्रोलचा वास आला की धुळ्याची ती उन्हाने तापलेली धावपट्टी आणि आबांची थाप आठवते. उड्डाण शिकायचा माझा पहिला दिवस होता आणि आबा, म्हणजे माझे वडील, मला सोडायला आले होते. शिक्षक म्हणाले, "या दोन विमानांतलं एक निवड. सुरुवातीचे महिने तेच चालवायचं." एक नवंकोरं होतं, आत चकचकीत स्क्रीन. दुसऱ्याचा रंग उडालेला, आत गोल काट्यांच्या तबकड्या. माझं बोट नव्याकडे गेलंसुद्धा. आबा मात्र बाजारात बैल पारखावा तसे जुन्याभोवती फिरले, वाकून चाकं पाहिली, अंगावर थाप मारली आणि म्हणाले, "पोरी, नवा गोऱ्हा जुना बैलसंगे जुपतस. त्याले बठ्ठी वाट माहीत शे." विमानाला सगळी वाट ठाऊक असलेला बैल म्हटलेलं ऐकून मी लाजून मान खाली घातली, तर शिक्षक खो खो हसत म्हणाले, "आबा, मीही याच्यावरच शिकलो!" मग मीही त्याच्यावरच शिकले. आता तिथेच शिकवते. पोळ्याला त्या जुन्याच्या नाकाला कुंकू लावते, नाकावरच्या पंख्यासमोर पुरणपोळीचा घास धरते, आणि कुणी बघत नाही असं पाहून तो स्वतःच खाते.