आपल्याच अक्षरातली गैरहजेरी

रजिस्टर काकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारलीत ना, तर ते बहुतेक वळूनही बघणार नाहीत. सगळी गल्ली त्यांना रजिस्टर काकाच म्हणते. पलटणीत बावीस वर्षं कारकुनी केली आणि घरी आल्यावरही ती काही अंगातून गेली नाही. दूधवाला किती वाजता आला, नळाचं पाणी कधी गेलं, जावई शेवटचा कधी तोंड दाखवून गेला, सगळं एका जाड वहीत. एकदा काकू वैतागून म्हणाल्या, "अहो, मी मेले तर आधी रडाल की आधी वेळ लिहाल?"

"वेळ लिहीन. रडायला काय, अख्खा दिवस पडलाय."

काकू चार दिवस बोलल्या नाहीत. तेही वहीत आहे.

पण माणूस फार कामाचा. पलटणीतल्या म्हाताऱ्या लोकांपैकी कुणाच्या सेवापुस्तकात जखमेचं पदक चढवायचं राहिलंय, कुणाचं आघाडीवरचं, असे सगळे काकांकडे यायचे. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून एक टेबल, त्यावर जुना टाइपरायटर, त्याचं एक अक्षर कायम वर उडायचं. तिथे बसून काका अर्ज ठोकायचे, साक्षीदार शोधायचे, रेकॉर्ड ऑफिसच्या खिडकीशी तासन्‌तास उभे राहायचे. अशी चौदा जणांची पदकं त्यांनी मिळवून दिली. चौदा! त्यातले पाच तर हयातही नव्हते, त्यांच्या बायका आल्या होत्या, आणि एक तर पदक हातात घेऊन तिथेच खाली बसली आणि उठेचना.

आणि काकांच्या स्वतःच्या पुस्तकात? आघाडी पदकाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

झालं होतं असं, की लढाईच्या वेळी डोंगरावरच्या चौकीला माणसं कमी पडली. साहेब म्हणाले, कारकून असो की कोणी असो, ज्याला दोन पाय आहेत तो वर चला. काका वर गेले. अकरा दिवस वायरलेसच्या बॅटऱ्या पाठीवर घेऊन खाली-वर केलं, वरून गोळे पडत होते तरी. आघाडी पदकाला तिथे काढलेले दहा दिवस लागतात. पण नियम असा, की कारकुनाने स्वतःच्या पुस्तकात स्वतः काही लिहायचं नाही, साहेबांची चिठ्ठी हवी. साहेब म्हणाले, "उद्या देतो." आणि दुसऱ्याच दिवशी पायाला लागलं म्हणून त्यांना उचलून नेलं ते नेलंच. पुस्तक काकांच्या पुढ्यात, पेन हातात, खोलीत चिटपाखरू नाही. एक ओळ लिहिली असती तर कोण विचारणार होतं? नाही लिहिली. रेघ ओढली आणि पान उलटलं.

यंदा लेकीने एक कागद आणून टेबलावर आपटला. लेक औषधांच्या दुकानात काम करते, बोलायला एकदम फटकळ. रेकॉर्ड ऑफिसचं पत्रक होतं. जुन्या लढायांच्या नोंदींमध्ये दुरुस्ती या महिनाअखेरपर्यंतच, त्यानंतर ती पुस्तकं कायमची सीलबंद.

"बाबा, चौदा झाले. पंधरावा अर्ज तुमचा. आणि आता 'जाऊ दे' म्हणालात ना, तर ती वही मी रद्दीत घालीन."

"घाल. मी नवीन करीन."

"बाबा!"

काकांनी चष्मा पुसला, परत पुसला. मग म्हणाले, "टाइपरायटरला कागद लाव."

अर्ज झाला. साक्षीदाराच्या रकान्याशी मात्र काकांची बोटं थांबली. त्या चौकीवर असलेला आणि आज जिवंत असलेला माणूस हवा होता. साहेब गेले, वायरलेसवाला गेला. उरला एकच, भटारखान्यातला आचारी. सगळे त्याला झाऱ्या म्हणायचे, कारण तो झारा हातात घेऊनच झोपायचा म्हणे.

"मग लिहा की त्यांचं नाव," लेक म्हणाली.

काकांनी टाइपरायटरवरचे हात काढून घेतले. लेकीने स्वतःच नाव टाइप केलं.

रेकॉर्ड ऑफिसच्या खिडकीतल्या बाई काकांना चांगल्या ओळखतात. "या काका! आज कुणाचं?" म्हणाल्या आणि अर्जावरचं नाव बघून चक्क हसल्या. "आलात एकदाचे!" मग आत गेल्या, त्या वर्षाचं हजेरीपुस्तक घेऊन आल्या. पानं उलटता उलटता त्यांचं हसू गेलं.

"काका, हा साक्षीदार चालणार नाही. चार दिवस विनापरवानगी गैरहजर आहे हा. नेमके तेच दिवस." त्यांनी पुस्तक फिरवून काचेला टेकवलं. "आणि... अक्षर तुमचंच आहे ना हे?"

लेकीने वाकून बघितलं. तेच अक्षर. ज्या अक्षरात तिच्या शाळेच्या वह्यांवर नाव घातलेलं असायचं ते.

बाहेर आवारात एक बाकडं आहे, तिथे लेकीने बाबांना बसवलं. "काय प्रकार आहे हा?"

काका जमिनीकडे बघत बोलायला लागले. सातव्या दिवशी झाऱ्या चहाचं पातेलं घेऊन चौकीवर आला होता. बघतो तर जखमी पडलेले आणि उचलायला कोणी नाही. पातेलं तिथेच ठेवलं आणि पहिल्या माणसाला खांद्यावर टाकून खाली निघाला. मग परत वर. चार दिवस हेच. नऊ माणसं. पण भटारखान्याच्या मुकादमाला कुठे माहीत होतं? त्याने आपली चिठ्ठी पाठवली, आचारी गैरहजर. काका खाली आले तेव्हा टेबलावर अकरा दिवसांच्या चिठ्ठ्यांचा ढीग होता. एकेक उचलून पुस्तकात उतरवत गेले.

"पण तुम्ही तर बघितलं होतं त्यांना!"

"बघितलं होतं. त्याच्या हातचा चहा प्यायलो होतो."

"मग?"

"डोळ्यांनी बघितलेलं पुस्तकात लिहीत नाहीत. चिठ्ठी लागते."

लेकीला भयंकर राग आला. आणि पुढचं तर त्याहून वाईट होतं. झाऱ्या नंतर काकांकडे आला होता. म्हणाला होता, अरे, तू तर होतास तिथे, एक ओळ बदल. आणि काकांनी पुस्तकातून मान वर न करता सांगितलं होतं, "साहेबांची चिठ्ठी आण." त्या चार दिवसांपायी झाऱ्याला नऊ माणसं वाचवल्याचं शौर्यपदक नाही, बढती नाही. दोन वर्षांनी नोकरी सोडून गेला.

"आई म्हणते तुम्ही कधी चुकीची नोंद केली नाहीत."

"मीच सांगत आलोय तिला तसं."

काका उठले आणि परत खिडकीशी गेले. "बाई, त्याची नोंद दुरुस्त करायची तर काय लागतं?"

बाईंनी नियम काढला. गैरहजेरी ज्याने लिहिली त्यानेच शपथेवर मागे घ्यायची, दुसऱ्या कुणाला जमत नाही. ती गेली की बाकीचं सोपं होतं, कारण फील्ड दवाखान्याच्या वहीत जखमींना आणून टाकणाऱ्याचा नंबर नऊ वेळा होता. झाऱ्याचाच. पण गैरहजर माणसाचा नंबर खरा धरणार कोण? आजवर कुणीच धरला नव्हता.

"पण काका, एक लक्षात घ्या," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही हे दिलंत की त्या दिवसांच्या नोंदींची चौकशी लागणार. चौकशी चालू असेपर्यंत त्या दिवसांवर दुसरा दावा घेत नाहीत. म्हणजे तुमचा अर्ज अडकणार, आणि तोवर महिना संपणार. त्यापेक्षा असं करा, तुमच्या पलटणीचा तो ड्रायव्हर आहे ना, मागच्या वर्षी ज्याचं काम केलंत? तो पायथ्याशी गाडी घेऊन होता. त्याने तुम्हाला चढताना-उतरताना बघितलंय. त्याची सही आणा. तुमचं होऊन जाईल."

"आणि झाऱ्याचं?"

बाईंनी हजेरीपुस्तक मिटलं. "दोन्ही नाही होणार, काका."

घरी आल्यावर ड्रायव्हरचा फोनच आला, लेकीनेच कळवलं असणार. "काका, पेन घेऊन बसलोय, कुठे सही करू सांगा." काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी लग्नानंतर इतकी वर्षं ती रेघ बघितली होती, सोळा वेळा घर बदललं तेव्हा ते सेवापुस्तक साडीत गुंडाळून आणलं होतं.

"घ्या ना सही," त्या म्हणाल्या. "खोटी थोडीच आहे?"

"खोटी नाही. खरीच आहे."

"मग?"

"अगं, मग झाऱ्याचं पुस्तक बंद होईल. माझ्या अक्षरासकट. कायमचं." काका फोनमध्ये म्हणाले, "सही नको रे. झाऱ्याचा पत्ता आहे का तुझ्याकडे?"

झाऱ्या एका वसतिगृहाच्या खानावळीत मागच्या बाजूला लसूण सोलत बसलेला सापडला. पुतण्याची खानावळ. कान गेलेले, दात अर्धे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

"ओहो! चिठ्ठी घेऊन आलास का?"

काकांनी हे ऐकायची तयारी केली होती म्हणे, पण तरी त्यांचा चेहरा उतरला. "तुझी गैरहजेरी मागे घेतोय. तुझी सही लागेल."

"काय?"

काकांनी ओरडून सांगितलं. खानावळीतली चार पोरं ताट सोडून बघायला लागली.

"ओरडतोस कशाला? पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. मला परत ऐकायचं होतं." झाऱ्याने लसणाची साल फुंकली. "पस्तीस वर्षं लागली तुला वर बघायला. मान अवघडली होती काय?"

"हो."

"माझ्या बायकोला शेवटपर्यंत वाटलं मी पळालो होतो. तोंडाने नाही बोलली कधी. पण वाटलं."

सोबत आलेली लेक रडायला लागली, फटकळ असली तरी. झाऱ्या तिच्याकडे बघून म्हणाला, "तू कशाला रडतेस पोरी? हा काय आत्ता नीट वागायला लागलाय, रडायचं ते आधी होतं." आणि पेन मागितलं.

मग त्याला कुठून तरी कळलंच, बहुतेक लेकीनेच सांगितलं, की यात काकांचं पदक जाणार. त्याने सही करता करता हात थांबवला. "मग नको. दोघांपैकी एकाचं तर होऊ दे. तू ते गावभर मिरवशील तरी, मी कुठे घालू ते, कांदे चिरताना?"

"घाल कांदे चिरताना. सही कर."

"तुझं काय?"

"तू सही कर रे बाबा! चार दिवस राहिलेत, आणि मला अजून नोटरीकडे जायचंय!"

असं म्हणतात की इतक्या वर्षांत काका पहिल्यांदाच कुणावर खेकसले.

प्रतिज्ञापत्रात एक ओळ होती, चुकीची नोंद का झाली. खिडकीतल्या बाईंनी चांगुलपणाने सुचवलं, "नजरचुकीने लिहा काका, कोणी काही विचारणार नाही." काकांनी तिथेच उभं राहून लिहिलं: सदर इसमास चौकीवर जखमींना वाहून नेताना मी प्रत्यक्ष पाहिले होते. माहीत असूनही गैरहजर लिहिले. बाईंनी वाचलं, शिक्का मारला, आणि काकांचा स्वतःचा अर्ज कोपऱ्याला टाचून बाजूच्या गठ्ठ्यात ठेवला. महिना संपला तेव्हा तो गठ्ठा तसाच आत गेला.

पंचेचाळीस दिवसांनी निकाल लागला. पलटणीच्या सभागृहात छोटा कार्यक्रम होता, फार लोक नव्हते, पंखे मात्र सगळे चालू होते. झाऱ्या नव्या शर्टात अवघडून बसला होता, शेजारी काका, मागच्या रांगेत काकू आणि लेक. एक तरुण अधिकारी यादी वाचत होता. झाऱ्याचं पूर्ण नाव, नंबर, मग दवाखान्याच्या वहीतली ती नऊ माणसं, एकेक करून, हुद्द्यासकट. झाऱ्या ढिम्म. आधी काकांना वाटलं त्याला ऐकू आलं नाही. मग बघितलं तर त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले.

अधिकाऱ्याने दुसऱ्यांदा नाव घेतलं.

काकांनी त्याच्या दंडाला धरलं. "ऊठ," ते म्हणाले. "पायऱ्या तीन आहेत. मी धरतो."