दात नसलेल्या पोरीचा वाटा

अड्याळच्या आठवडी बाजारात चिंचेखाली मासोळ्या घेऊन बसणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळेच तिला मावशी म्हणायचे. पण आमच्या घरी मासोळी शिजली की पहिली आठवण तिचीच निघते. ती ओल्या हातानं माश्या हाकलायची आणि गिऱ्हाइकाच्या तोंडापेक्षा त्याच्या पिशवीकडे जास्त बघायची.

माझं दूध तान्ह्या मुलीला पुरत नव्हतं, म्हणून तिला डब्याचं दूध सुरू केलं होतं. तो डबा ह्यांच्या पगारात बसवायला मी स्वतःच्या ताटातलं एकेक कमी करत गेले. आधी अंडी गेली, मग मासोळी. मावशीसमोरून मी मान खाली घालून जायला लागले.

एकदा तिनं हाक मारली, "काहून वं, मासोळी सोडली का?"

"पोरीच्या दुधाच्या डब्यातच पैसे सरतात, मावशी."

"पावभर तं घे."

पावभर तोलून झाल्यावर तिनं वरून दोन मोठ्या मासोळ्या टाकल्या. "ह्या पोरीच्या वाट्याच्या."

"तिले दात कुठी आहेत?"

"तुले आहेत ना! खाय मुकाट्यानं."

मग दर बाजाराला मुलीचा वाटा पिशवीत पडत राहिला.

डबा बंद झाला, त्या आठवड्यात मी ऐटीत किलोभर मासोळी मागितली. मावशीनं काटा बरोबर जुळवला, वरून एकही टाकली नाही. मी घुटमळले. तिनं माझ्या कडेवरच्या मुलीचे दात पाहिले, हसली, आणि दोन मोठ्या मासोळ्या उचलून माझ्यामागं तान्हं लेकरू घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या पिशवीत टाकल्या.