उद्याचे निकाल आणि कोर्टावरचे खड्डे

"पाच चुकले!" अण्णासाहेब फोनवर ओरडले. "सहापैकी पाच! वानखडे, नाणं उडवलं असतं तरी तीन बरोबर आले असते."

मी अमरावतीच्या क्लबच्या ऑफिसात उभा होतो. ट्रंक कॉल होता. त्या काळी परगावी फोन लावायचा तर आधी एक्स्चेंजला नंबर सांगून ताटकळत बसावं लागे, आणि लाइन लागली की दोन्ही टोकांनी ओरडावं लागे. त्यामुळे माझी खरडपट्टी क्लबच्या सेक्रेटरीनं ऐकली, टायपिस्टनं ऐकली आणि कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या दोन खेळाडूंनीही ऐकली. त्यातला एक हरणार असं मी छापलं होतं. तो आरामात जिंकला होता. त्यानं कप वर करून मला सलाम ठोकला.

"आणि तो सहावा कसा काय बरोबर आला?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"त्याच्यासमोरचा खेळाडू आलाच नाही. बडनेऱ्याला त्याची गाडी चुकली."

पलीकडे फोन आपटल्याचा आवाज आला.

हे लचांड खरं म्हणजे अण्णासाहेबांनीच माझ्या गळ्यात मारलं होतं. अकोल्यात जठारपेठेत त्यांचा छापखाना होता आणि चार पानांचं दैनिक होतं. मालक तेच, संपादक तेच. मी बातमीदार. कापसाचे भाव, कोर्टातले खटले आणि नगरपालिकेतली भांडणं हा माझा प्रांत. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. अमरावतीला दर हिवाळ्यात टेनिसची मोठी स्पर्धा भरायची. नागपूर, जबलपूर, खानदेश, कुठून कुठून खेळाडू यायचे. नागपूरचे पेपर तिचे निकाल सकाळी द्यायचे, आम्हीही सकाळीच द्यायचो. त्यांचे फोटो मोठे, आमचे धूसर. त्यावर अण्णासाहेबांना एक युक्ती सुचली.

"ते कालचे निकाल देतात ना? आपण उद्याचे देऊ!"

"मला टेनिसमधलं काही कळत नाही," मी म्हणालो.

"वाचणाऱ्यांना तरी कुठं कळतं?"

असा मी अमरावतीला येऊन पडलो. पहिल्या दिवशी सेक्रेटरीकडून सगळ्यांची कीर्ती ऐकली, कोणी कुठले कप जिंकलेत ते लिहून घेतलं आणि त्यावरून भाकितं ठोकली. त्याचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

फोन ठेवून मी बाहेर आलो आणि कोर्टाच्या कडेला कडुनिंबाखाली बसलो. दिवसाचे सामने संपले होते. चार बाया कोर्टावर काम करत होत्या. आमच्याकडची काळी माती उन्हात भेगाळते आणि ओली झाली की बुटाला धरून बसते, तिच्यावर टेनिस होत नाही. म्हणून टेकडीकडचा लाल मुरूम आणून, चाळून, दाबून कोर्ट करायचं आणि वरून शेणाचा पातळ हात फिरवायचा. खेळून खेळून त्यात खड्डे पडतात, चरे पडतात. ते रोज संध्याकाळी बुजवायचे, रूळ फिरवायचा आणि पुन्हा सारवायचं. सकाळी कोर्ट कसं अंगणासारखं!

त्या बायांची म्होरकी होती भागरताबाई. पन्नाशी उलटलेली, हातात मुरमाचं टोपलं, नजर सदा खाली. माझं तोंड पाहून ती थांबली.

"काय झालं, पेपरवाले भाऊ? कोनी मेलं काय?"

मी सांगितलं. ती हसली नाही. टोपलं खाली ठेवून म्हणाली, "उद्या त्या जबलपूरच्या उंच पोराचं काय लिवता तुमी?"

"जिंकणार म्हणून लिहिणार आहे. फार मोठा खेळाडू आहे."

"हरन तो."

"काहून?"

"इकडं या." तिनं मला मागच्या रेघेपाशी नेलं. "हा त्याचा पाय पाहा. सुरवातीले कसा टाचेवर उमटला, साफ. आन हा शेवटचा. नुसते चवडे घासटून राह्यले. दम गेला त्याचा. आज समोरचा कच्चा होता म्हनून वाचला. उद्या तो अकोल्याचा ठेंगणा हाय समोर, तो त्याले इकडून तिकडं पयवते."

मी खाली पाहिलं. मला नुसते खड्डे दिसत होते.

"मावशी, तुम्ही सामने पाहता?"

"सामने पाहाले टाइम कोनाले हाय? आमी पाय पाहातो. पंधरा सालं झाले, ह्यायचे खड्डे बुजवून राह्यलो आमी."

जबलपूरचा उंच खेळाडू हरणार असं मी छापलं. तो हरला. त्या दिवशीची चारपैकी चार भाकितं बरोबर आली, दुसऱ्या दिवशी चारपैकी तीन. चुकलेल्याबद्दल भागरताबाईनं माझीच हजेरी घेतली. मी दोन खेळाडूंचे पाय अदलाबदल करून लिहिले होते!

तिसऱ्या दिवसापर्यंत अमरावतीत आमचा पेपर सकाळच्या गाडीनं उतरला की स्टेशनवरच संपू लागला. सेक्रेटरी मला खुर्ची देऊ लागला. एका खेळाडूनं मला बाजूला घेऊन आपल्या मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारलं. मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "चैत्रात." खोटं कशाला बोलू, मला हे सगळं आवडू लागलं होतं. आपल्यालाच काहीतरी विद्या आली आहे असं वाटू लागलं होतं.

मग प्रधानसाहेबांची मॅच आली.

प्रधानसाहेब सरकारी खात्यातले बडे इंजिनिअर. वय अडतीस, पण खेळ असा डोकेबाज की पंचविशीतली पोरं त्यांच्यासमोर गोंधळून जात. त्यांची गाठ दर्यापूरच्या शाळेतल्या गवई मास्तरांशी होती. गवई तरुण, काटक, कॉलेजात असताना टेनिस शिकलेले. मागच्या रेघेवरून चेंडू दणादण मारत राहायचं एवढाच त्यांचा खेळ.

"साहेब हरन," भागरताबाई म्हणाली. "डावा गुडघा गेला त्याचा. मागं वयताना डावा पाय ओढत नेते. हा पाहा चरा."

मी अण्णासाहेबांना फोन लावून हे सांगितलं. त्या खात्याच्या टेंडरच्या नोटिसा आमच्या पेपरात यायच्या आणि आमचं अर्धं तिसरं पान त्यांवर उभं होतं.

"साहेब जिंकणार असं लिही," ते म्हणाले.

"पण ते हरणार आहेत."

"मग हरू दे ना! तू मात्र जिंकणार लिही. मी मूर्तिजापूरला लग्नाला चाललोय. चावटपणा नको."

मी परत निंबाखाली गेलो आणि भागरताबाईला ही अडचण सांगितली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच एक न बुजवलेला खड्डा आहे.

"खोटंच लिवाचं होतं तं मले कावून विचारलं?"

एवढंच बोलून ती कामाला लागली. मी अर्धा तास तिथंच बसलो. मग उठून पुन्हा ट्रंक कॉल बुक केला. अण्णासाहेब लग्नाला गेले होते. फोनवर फोरमन होता. फोरमन म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांचा मुख्य. त्याला मी मजकूर सांगितला: गवई जिंकतील. इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण माझ्या अंगात विद्या आली होती ना! मी पुढं ठणकावून सांगितलं, "लिहा: प्रधानसाहेबांचा डावा गुडघा कुरकुरत असल्याचे जाणकारांस दिसून आले आहे."

"मालकांना विचारलं काय?" फोरमन म्हणाला.

"ते लग्नात आहेत," मी म्हणालो. हे तर खरंच होतं.

सकाळी आठ वाजता प्रधानसाहेबांनी मला क्लबच्या व्हरांड्यात बोलावलं. मांडीवर आमचा पेपर होता.

"माझा गुडघा दुखतो हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नाव सांगता येणार नाही, साहेब. आमच्या धंद्याचा नियम आहे."

"डॉक्टर बोलला असणार."

"तुम्ही डॉक्टरकडे गेला होता हे मला आत्ता तुमच्याकडूनच कळतंय."

त्यांनी पेपराची घडी केली, फार नीट केली, आणि ते उठून गेले. उठताना त्यांनी खुर्चीच्या हाताला धरलं, ते मी पाहिलं. मग मला जरा वाईट वाटलं.

दहा वाजता अण्णासाहेब अवतरले. लग्नातूनच थेट आलेले, डोक्याला फेटा तसाच. माझ्या शेजारी बसले आणि समोर पाहतच बोलले, "साहेब जिंकले तर तुझी नोकरी गेली. हरले तर माझ्या नोटिसा गेल्या. आता कुणाच्या बाजूनं टाळ्या वाजवायच्या ते तूच सांग."

मी हात मांडीखाली दाबून बसलो.

पहिला सेट साहेबांनी सहा-तीन जिंकला. गवई मास्तर नेहमीसारखे लांब, जोरकस फटके मारत होते आणि साहेब जागचे फारसे न हलता ते परतवत होते. अण्णासाहेबांचा चेहरा फुलला. माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी प्रेमानं विचारलं, "दुसरीकडं कुठं ओळख आहे का तुझी?"

दुसरा सेट सुरू झाला आणि गवईंचा खेळ बदलला. चेंडू जोरात मारायचा आव आणायचा आणि तो जाळीपलीकडे हलकेच टाकायचा. त्याला ड्रॉप शॉट म्हणतात. समोरच्याला मागच्या रेघेपासून जाळीपर्यंत धावत यावं लागतं. एक टाकला. साहेब धावले. दुसरा टाकला, डाव्या बाजूला. साहेब धावले, पण वळताना पाय मागे राहिला. मग एकामागून एक सगळे डाव्या बाजूलाच. सहा-दोन. तिसरा सेट सहा-एक.

लोकांनी गवईंसाठी टाळ्या वाजवल्या, मग वळून माझ्यासाठीही वाजवल्या. गवई मास्तर मात्र माझ्यासमोर येऊन उभे राहिले. घामानं निथळत होते. त्यांच्या पँटच्या मागच्या खिशात आमचा पेपर होता.

"पहिल्या सेटभर मले लाज वाटली," ते म्हणाले. "दुखऱ्या पायावर कसं खेळावं मानसाच्या? मग हरू लागलो, तं लाज गेली. तुमी ते छापाले नको होतं, वानखडेभाऊ. मले मोह झाला."

भाकीत मी केलं होतं आणि ते खरं करण्याची रीतही मीच सकाळी चहासोबत त्यांना घरपोच दिली होती. हे त्या क्षणी प्रथम माझ्या ध्यानात आलं.

तोवर प्रधानसाहेब आमच्याकडे आले. अण्णासाहेब फेटा सावरत हात जोडून उभे राहिले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"वानखडे, मला फक्त नाव सांगा. गेला सबंध हंगाम मी हा पाय लपवतोय. कुणाला दिसला तो?"

"नाही सांगता येणार, साहेब."

अण्णासाहेबांनी मला कोपरानं ढोसलं. मी बाजूला सरकलो. क्लबच्या नोकरीवरून भागरताबाईला काढायला साहेबांचा एक शब्द पुरेसा होता.

तेवढ्यात ती स्वतःच टोपलं घेऊन कोर्टात शिरली. जाळीपाशी साहेबांच्या डाव्या पायानं ओढलेला हातभर लांब चरा होता. ती त्यात मुरूम भरू लागली आणि खाली मान घालूनच बोलली, "त्या भाऊले कावून रागावता? मीनं सांगतलं."

साहेब तिच्याकडे वळले. "तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या पायानंच सांगतलं, साहेब. हा काय, लिवून ठेवला." तिनं चऱ्यावर बोट ठेवलं.

साहेब लंगडत जवळ गेले. नीट पाहता यावं म्हणून खाली वाकून बसू लागले.

"बसू नका!" ती ओरडली. "उठता येनार नाही तुमाले. मंग आमालेच उचला लागन."

साहेब अर्धवट वाकलेले तसेच थांबले. मग हसायला लागले. इतके हसले, की त्यांना जाळीच्या खांबाला धरावं लागलं. अण्णासाहेबही हसले, कारण नोटिसा आता हातच्या जाणार नाहीत हे त्यांना कळलं. मी सगळ्यांत शेवटी हसलो, खात्री करून घेऊन.

साहेबांनी तिचं नाव कुणाला सांगितलं नाही. मी तिला म्हणालो, की तुमचं नाव आता पेपरात छापतो. तिनं साफ नकार दिला. "खेळनारे मले कोर्टावर पाय ठेवू देतीन काय मंग?"

उपांत्य फेरी जिंकून गवई मास्तर अंतिम सामन्यात आले. तिनं सांगितलं, की त्यांच्या टाचा आता उमटेनाशा झाल्या आहेत, ते हरतील. मी ते हरतील एवढंच छापलं, का हरतील ते छापलं नाही. ते हरले, पण तीन सेट झुंजून हरले, आणि कुणाच्या पेपरामुळे हरले असं कुणी म्हणू शकलं नाही. त्यानंतर पत्रकारितेत मी पुष्कळ वर्षं काढली. नव्या बातमीदारांना मी एवढंच सांगायचो, की भाकीत चुकलं तर लोक हसतात आणि विसरतात. भाकितासोबत दुसऱ्याचं दुखणं छापलंत, तर ते बरोबर आल्याचा आनंद तुम्हाला होत नाही.

पुढच्या हिवाळ्यात अण्णासाहेबांनी मला पुन्हा अमरावतीला धाडलं. पाहतो तो काय, सामना संपला की खेळाडू हात मिळवायचे आणि बाहेर पडण्याआधी बुटांनी आपापल्या पायांच्या खुणा पुसत बसायचे. नागपूरचा एक नामांकित खेळाडू तर कोपरानकोपरा घासत होता. कुठून कुणास ठाऊक, गोष्ट फुटली होती.

मी निंबाखाली गेलो. "मावशी, आता कसं? सगळ्यांनी पुसून टाकलं."

"बरं झालं. आमचं काम कमी झालं." तिनं त्या नागपूरवाल्याकडे हनुवटीनं खूण केली. "त्याचं नाव लिवा. उद्या हरन तो."

"काहून? खुणा तर राहिल्याच नाहीत."

"सगळ्यात जास्त कोन पुसून राह्यला, पाहा ना!"